कर्त्याचा लोप : पोलिसी हिंसा, निषेध आणि कवितेचे व्याकरण

पोलिसी हिंसेविषयीच्या साहित्याचा विचार बहुधा आशयाच्या अंगाने केला जातो. अन्याय, वेदना, संताप आणि विद्रोह ही त्या विचाराची रूढ सूत्रे होत. या साहित्याची पहिली झुंज एका विशिष्ट वाक्यरचनेशी असते, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात डेरेक शॉविन या गौरवर्णीय पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यात फ्लॉइडचा अंत झाला. त्यानंतर पोलीस खात्याने काढलेल्या पहिल्या पत्रकाचे शीर्षक, पोलिसांशी आलेल्या संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू, अशा आशयाचे होते. पत्रकात गुडघ्याचा उल्लेख नव्हता, मानेचाही नव्हता. एका सतरा वर्षांच्या मुलीने रस्त्यावर उभे राहून केलेले चित्रीकरण लोकांपुढे आले नसते, तर हेच वाक्य कदाचित त्या मृत्यूचा अधिकृत इतिहास ठरले असते.

या वाक्याचे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. ‘मृत्यू झाला’ असे म्हटले की मृत्यू हाच व्याकरणिक कर्ता बनतो. मारणाऱ्यासाठी वाक्यात स्थान उरत नाही. मराठी वृत्तपत्रांतील ‘गोळीबार झाला’, ‘जमाव पांगवण्यात आला’ ही वाक्ये याच कुळातली. ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’ ही रचना तर अधिक सूक्ष्म आहे. तीत कर्ता दिसतो, पण चतुर्थीच्या रूपात. करणारा हाच जणू सोसणारा होतो आणि कृतीचा भार परिस्थितीवर जाऊन पडतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आहे. या निकषावर पाहता, ‘करावा लागला’ असे म्हणणारी व्यवस्था हाती शस्त्र असलेल्याचे स्वातंत्र्य नाकारते आणि त्याबरोबर त्याचे उत्तरदायित्वही नाहीसे करते. वंशभेदावर उभ्या असलेल्या समाजात या रचनेला आणखी एक परिमाण लाभते : मारणाऱ्याचे कर्तेपण लोपते, तेव्हा मरणाऱ्यावर ते लादले जाते. तो धोकादायक होता, त्याने हालचाल केली, त्याने आज्ञा मोडली, अशा सकर्तृक वाक्यांची मालिका मृताच्या नावावर जमा होते.

चित्रीकरण हाती आले की हा लोप आपोआप भरून निघतो, असा एक समज आहे. लॉस एंजेलिसचा अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण जवळच राहणाऱ्या एका नागरिकाने चित्रित केली होती आणि ती जगाने पाहिली होती. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी सिमी व्हॅली येथील न्यायालयात, एकही कृष्णवर्णीय सदस्य नसलेल्या ज्यूरीने कोणाही अधिकाऱ्याला दोषी ठरवले नाही. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. बचावपक्षाने चित्रफीत नाकारली नव्हती. तिचे एकेक चौकटीत विभाजन करून किंगच्या शरीराच्या प्रत्येक हालचालीला तिने आक्रमणाचा अर्थ दिला होता. जमिनीवर पडलेला माणूसच सारे नियंत्रित करीत होता, असे वाचन त्यातून सिद्ध करण्यात आले. ज्युडिथ बटलर यांनी १९९३ मधील आपल्या लेखात दाखवून दिले त्याप्रमाणे, पाहणे ही क्रियाच येथे वंशभेदाने आधीच घडवलेली होती. पुराव्याला अर्थ देणारे व्याकरण तेच राहिले, तर पुरावाही कर्ता शोधून देत नाही.

अधिकृत भाषेशी कवितेचे नाते कोणते असावे, हा प्रश्न येथे उभा राहतो. मार्च २०१५ मध्ये केनेथ गोल्डस्मिथ या संकल्पनावादी कवीने ब्राउन विद्यापीठात मायकेल ब्राउन या तरुणाच्या शवचिकित्सेचा अहवाल कविता म्हणून वाचला. ब्राउनला ९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसन येथे एका पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या होत्या. उपलब्ध संहिता उचलून नव्या संदर्भात मांडणे ही गोल्डस्मिथ यांची प्रस्थापित पद्धती. तिच्या समर्थनार्थ, अहवालाची थंड भाषाच हिंसेचे दर्शन घडवते, असे म्हणता येईल. परंतु ही पद्धती त्यांनी पूर्णपणे पाळली नाही. वैद्यकीय संज्ञा सुलभ केल्या, मजकुराचा क्रम बदलला आणि शेवट मृताच्या जननेंद्रियाच्या वर्णनावर आणला. यावर झालेल्या तीव्र टीकेत, गौरवर्णीय कवीला हा अधिकार आहे काय, या प्रश्नावर भर होता. तो प्रश्न योग्य असला तरी दोष त्याहून खोल आहे. शवचिकित्सेचा अहवाल हा कर्ताहीन भाषेचा परमोच्च नमुना होय. जखमा मोजणे हे त्याचे काम, त्या कोणी केल्या हे सांगणे त्याचे काम नव्हे. त्याची पुनरावृत्ती करणारी कविता तटस्थ राहू शकत नाही. ती त्या लोपात सामील होते आणि श्रोत्यालाही शरीराचा प्रेक्षक बनवते.

याच्या अगदी उलट टोकाला रॉस गे यांची ‘अ स्मॉल नीडफुल फॅक्ट’ ही छोटी कविता उभी आहे. १७ जुलै २०१४ रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथे पोलिसांनी गळा आवळल्यामुळे एरिक गार्नर मरण पावला. गार्नर काही काळ शहराच्या उद्यान विभागात कामाला होता, एवढ्या एकाच तथ्यावर ही कविता उभी राहते. एकाच वाक्याची ही कविता संभाव्यतादर्शक शब्दांचा आधार घेत, गार्नरने काही रोपे लावली असतील आणि ती अजून जगत असतील, इथवर येते. तीत गळफासाचे वर्णन नाही. श्वास कोंडून मारल्या गेलेल्या माणसाला ती लागवड करणाऱ्याचे, म्हणजे इतरांच्या श्वासाची सोय करणाऱ्याचे कर्तेपण परत देते. तिच्यातील संकोचही अर्थपूर्ण आहे : अधिकृत पत्रक ज्या निश्चयाने बोलते त्या निश्चयाचा मोह ही कविता टाळते.

ऑड्री लॉर्ड यांच्या ‘पॉवर’ या कवितेत हा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारे रूप घेतो. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्लिफर्ड ग्लोव्हर या दहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळी घातली आणि १९७४ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. लॉर्ड केवळ त्या पोलिसाकडे बोट दाखवून थांबत नाहीत. अकरा गौरवर्णीय पुरुषांसोबत ज्यूरीत बसलेल्या एकमेव कृष्णवर्णीय स्त्रीच्या संमतीकडे त्या वळतात आणि अखेरीस, दडपलेली शक्ती विकृत झाली तर कवितेतील ‘मी’ स्वतः कोणती हिंसा करील, या कल्पनेपर्यंत पोचतात. कर्ता शोधण्याची प्रक्रिया स्वतःलाही सूट देत नाही. कविता आणि वक्तृत्व यांत लॉर्ड जो भेद करतात त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो : वक्तृत्वाला दुसऱ्याचे कर्तेपण पुरते, कवितेला स्वतःचेही तपासावे लागते.

या परंपरेतील सर्वांत विचारप्रवर्तक रूपबंध क्लॉडिया रँकिन यांच्या ‘सिटिझन’ (२०१४) या ग्रंथात आढळतो. गद्यखंड, निबंध, चित्रे आणि चित्रफितींच्या संहिता यांनी बनलेल्या या रचनेचे मुख्य साधन द्वितीय पुरुष हे आहे. वंशभेदाचे लहानमोठे अपमान ‘तू’च्या वाट्याला येतात आणि वाचक, तो कोणत्याही वर्णाचा असो, त्या ‘तू’मध्ये ओढला जातो. हे तादात्म्य मात्र पूर्ण होत नाही. पोलिसांनी रस्त्यात अडवून झडती घेण्याविषयीच्या भागात ‘तू’ तो संशयित नसूनही त्याच्या वर्णनात बसतो. ज्या वाचकाला असे कधी कोणी अडवले नाही, त्याला आपण या ‘तू’च्या बाहेर आहोत याची जाणीव होते. ग्रंथातील एका पानावर मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्मरणार्थ नावांची यादी आहे. पुढील मुद्रणांत तिच्यात नवी नावे जोडली गेली. नावे संपल्यावरही ‘स्मरणार्थ’ हे शब्द रिकाम्या जागेसह पुनःपुन्हा येत जातात आणि त्यांची शाई फिकट होत जाते. यादीला क्रियापद नाही; तिच्यातही मारणारा अनुक्त आहे. तथापि समोरच्या पानावर रँकिन त्या मृत्यूंचे मूळ गौरवर्णीय पुरुषांच्या अनियंत्रित कल्पनेत दाखवतात. दोन पाने मिळून एक वाक्य पुरे होते, आणि ते जुळवण्याची क्रिया वाचकावर सोपवलेली असते.

जनसहभागाचा प्रश्न येथेच साहित्याच्या कक्षेत येतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभेत, त्यांच्या पाठीमागे बसलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणीने हेच पुस्तक उघडून वाचण्यास आरंभ केला आणि शेजाऱ्यांनी हटकल्यावरही ते मिटले नाही. वाचन ही खासगी क्रिया त्या क्षणी सार्वजनिक निषेध बनली. २०२० च्या उन्हाळ्यात, निरनिराळ्या पाहण्यांच्या अंदाजानुसार, दीड ते अडीच कोटींहून अधिक अमेरिकन नागरिक निदर्शनांत सहभागी झाले. मृतांची नावे एकाने उच्चारायची आणि समुदायाने ती परत म्हणायची, हा त्या निदर्शनांतील एक प्रमुख विधी रँकिन यांच्या यादीचाच सामुदायिक अवतार वाटतो. त्याचे मोल मोठे आहे. पण केवळ नामोच्चारावर थांबणारा समुदाय क्रियापदाविना राहतो. फ्लॉइडच्या भोवती उभ्या असलेल्या पादचाऱ्यांनी त्याहून काही अधिक केले होते. त्यांनी त्या अधिकाऱ्यांनाच उद्देशून, नाडी पाहा, अशी मागणी केली होती. द्वितीय पुरुषातील ते बोल आणि पुढे न्यायालयातील त्यांच्या साक्षी यांनी पत्रकातील वाक्याचा कर्ता उघड करण्यास मोठे साहाय्य केले. २० एप्रिल २०२१ रोजी शॉविन खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरला.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून आपले नाव घेतले, त्याचा आरंभ १९६६ मध्ये ओकलंड येथे पोलिसांवर पहारा ठेवण्यातूनच झाला होता. जात आणि वंश या एकच गोष्टी नव्हेत, पण कर्त्याचा लोप दोहोंकडे ओळखीचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मारली. इंधनाच्या टँकरांना जमावाकडून धोका होता म्हणून गोळीबार करावा लागला, हे त्याचे समर्थन चतुर्थीतील कर्त्याचेच होते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चित्रपट या समर्थनाची छाननी करतो आणि त्या गोळीबारानंतर आत्महत्या केलेले शाहीर विलास घोगरे यांच्या गाण्यांना त्यात मध्यवर्ती स्थान देतो.

दलित साहित्याची मराठी समीक्षा वेदना, विद्रोह आणि नकार या कोटींवर दीर्घकाळ विसंबून राहिली. या कोटी पीडिताच्या मनाचे वर्णन करतात. पीडा देणाऱ्याचे वाक्यातील स्थान त्यांच्या कक्षेत येत नाही. लॉर्ड, गे आणि रँकिन यांच्या वाचनातून या समीक्षेला एक उणीव भरून काढता येईल : कविता किती दुःखी वा किती संतप्त आहे याबरोबरच, तिने क्रियापद कोणाच्या नावे लावले आणि वाचकाला कोणत्या पुरुषात उभे केले, हेही विचारावे लागेल. ‘गोळीबार झाला’ हे वाक्य ‘त्यांनी गोळ्या झाडल्या’ असे पुन्हा लिहिणे हे न्यायालयाचे काम आहे, तसे ते निदर्शकांचे आणि कवितेचेही आहे. समीक्षेने ते आपले मानले नाही, तर पत्रकातील वाक्य तिच्या पानांवरही अबाधित राहील.