'मॅथ_एक्सेप्शन': एका दुरुस्तीचं रसग्रहण

जीसीसी कंपायलरच्या मूळ संहितेत 'फिक्सइन्क्लूड्स' नावाचा एक विभाग आहे. संगणक बनवणाऱ्या कंपन्या आपल्या प्रणालीबरोबर ज्या हेडर फाइली देतात, त्यांत चुका असतात. कुठे घोषणा मानकाला सोडून असते, कुठे एखादं नाव सी प्लस प्लसमध्ये चालत नाही. हा विभाग कंपायलर बसवतानाच त्या फाइली चाळतो. दोष दिसला की सुधारलेली प्रत तो आपल्या खासगी कप्प्यात ठेवतो. प्रतीच्या माथ्यावर ती कोणत्या फाइलीवरून यंत्राने सुधारली, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. कंपनीची मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

या दुरुस्त्या 'इन्क्लहॅक.डेफ' या फाइलीत नोंदींच्या रूपात आहेत. ब्रूस कॉर्ब यांच्या ऑटोजेन या साधनातून त्यांची चालती संहिता तयार होते. त्यांतली 'मॅथ_एक्सेप्शन' ही नोंद मला फार आवडते.

सिस्टिम फाइव्ह परंपरेतल्या गणिताच्या हेडरमध्ये 'एक्सेप्शन' नावाचं एक स्ट्रक्चर होतं. ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं, तर काय बिघडलं याचा तपशील त्यात भरला जाई. पुढे सी प्लस प्लसने हेच नाव आपल्या क्लासला दिलं आणि दोन्ही नावं एकमेकांवर आदळली. आता ही दुरुस्ती पाहा. ती मजकुरातला एकही शब्द खोडत नाही. फाइलीच्या आरंभी ती सांगते की भाषा सी प्लस प्लस असेल तर हे नाव दुसऱ्या नावाने वाचावं, आणि शेवटी ती सूचना मागे घेते. सी लिहिणाऱ्याला तर काही घडल्याचं कळतही नाही. किती हलका हात!

पण नोंदीचा खरा जीव मला 'बायपास' या भागात दिसतो. 'सिलेक्ट' सांगतं की अमुक मजकूर दिसला तरच हात घाल. 'बायपास' सांगतं की तमुक दिसलं तर थांब. इथलं बायपास चक्क एक टिप्पणी शोधतं. काही हेडरांच्या लेखकांनी ही अडचण स्वतःच सोडवली होती आणि शेजारी तसं लिहूनही ठेवलं होतं. ते वाक्य दिसलं की दुरुस्ती मागे सरते. आधीच्या माणसाचं काम ओळखून त्याचा मान राखण्याची ही रीत मला मोलाची वाटते.

पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कुणी आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. संयम तोच. मात्र नाथांच्या हाती पोथ्या होत्या. इथे दुरुस्ती लिहिणाऱ्याला अजून न पाहिलेल्या प्रतीसाठी आधीच निर्णय लिहून ठेवावा लागतो, आणि ती प्रत उघडेल तेव्हा तो तिथे नसतो.

या पद्धतीत एक उणीवही आहे आणि ती लहान नाही. पुढे प्रणालीची मूळ हेडर बदलली, तरी खासगी कप्प्यातली सुधारलेली प्रत जुनीच राहते आणि कंपायलर तीच आधी वाचतो. मग या प्रती नव्याने बनवणारं 'एमके-हेडर्स' पुन्हा चालवावं लागतं, आणि ते अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

चाचणीची रचना तितकीच देखणी आहे. प्रत्येक नोंदीबरोबर सदोष मजकुराचा छोटा नमुना द्यावा लागतो. 'मॅथ_एक्सेप्शन'चा नमुना अवघ्या एका ओळीचा आहे. एकाच नावाच्या हेडरसाठीचे सगळे नमुने एकत्र येऊन एक बनावट फाइल तयार होते. एचपी-यूएक्स प्रणालीची चूक आणि सोलारिस प्रणालीची चूक, खऱ्या यंत्रावर कधीच न भेटलेल्या, इथे मांडीला मांडी लावून बसतात. सगळ्या दुरुस्त्या त्यांवरून फिरतात आणि निकाल अपेक्षित प्रतीशी ताडला जातो. म्हणजे एका नोंदीने शेजारणीच्या मजकुरात नाक खुपसलं, तर तेही उघडं पडतं.

त्यामुळे परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात बसलेल्या विद्यार्थ्यालाही, सोलारिसचं यंत्र कधी पाहिलं नसताना, त्यासाठीची दुरुस्ती तपासता येते. संहिता खुली आहे आणि साधा लॅपटॉप पुरतो. त्याने नोंद लिहावी, नमुना जोडावा, 'मेक चेक' चालवावं. अपेक्षित प्रतीत एक मोकळी जागा जरी कमीजास्त झाली, तरी चाचणी नापास होते आणि नेमकी ती ओळ समोर येते.