शिशुधानी : चिन्ह आणि नियम

अद्भुत व विज्ञानकल्पित खेळांतील प्राण्यांची निर्मिती हा बहुधा केवळ चित्रकलेचा प्रश्न मानला जातो. ज्ञात प्राण्याचा एखादा अवयव उचलावा, त्याला शिंगे वा कवच जोडावे, की नवा प्राणी सिद्ध! शिशुधान प्राण्यांच्या बाबतीत ही पद्धती अपुरी पडते. कारण शिशुधानी हा निव्वळ अवयव नाही, तो एक जीवनक्रम आहे.

तांबड्या कांगारूचे पिल्लू सुमारे ३३ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मते, तेव्हा त्याचे वजन एक ग्रॅमही नसते. ते स्वतःच सरपटत शिशुधानीत पोचते आणि स्तनाग्राला चिकटून राहते. म्हणजे शिशुधानी ही झोळी नव्हे. अपुऱ्या गर्भावस्थेचा तो उत्तरार्ध होय. एक पिल्लू पायाशी, दुसरे शिशुधानीत आणि गर्भाशयात वाढ थांबलेला भ्रूण, अशी मातृत्वाची तिहेरी कालरचना येथे संभवते.

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’ या खेळातील कँगसखान या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ही जात केवळ माद्यांची, आणि प्रत्येकीच्या पोटाशी सुघटित पिल्लू. १९९९पासूनच्या खेळांत ती अंड्यातून बाहेर येते, तीही पोटाशी पिल्लू घेऊनच! येथे शिशुधानी हे मातृत्वाचे निव्वळ चिन्ह उरते.

कल्पिताकडे जीवशास्त्राचा दाखला मागणे अरसिकपणाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्तही आहे. परंतु प्रश्न सत्याभासाचा नसून माध्यमाचा आहे. खेळाचा आशय चित्रातून जितका, त्याहून अधिक नियमांतून व्यक्त होतो. आरंभीच्या खेळातून ते पिल्लू पुसून टाकले, तरी खेळण्यात काहीच फरक पडत नाही.

२०१३ सालच्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांत मात्र, कँगसखानचे ‘मेगा’ रूपांतर होताच पिल्लू बाहेर येऊन आईसोबत लढते. आईच्या प्रहारापाठोपाठ त्याचा प्रहार होतो, आणि त्याची शक्ती पहिल्याच्या निम्मी असते. नाते प्रथमच नियमात उतरते. पिल्लाचे लहानपण आता दिसते, तसे मोजताही येते. चिन्हाचे आशयात रूपांतर होते ते येथे.

तरीही एक उणीव राहतेच. लढाई संपली की पिल्लू पुन्हा शिशुधानीत परतते. ते कधी मोठे होत नाही. शिशुधानीचे मर्म असलेला काळ या नियमांच्या बाहेरच राहतो. अशा प्राण्यांचे मूल्यमापन करताना समीक्षेने आकृतीच्या नावीन्यापाशी न थांबता, उसना घेतलेला अवयव खेळात कोणते कार्य करतो, हे विचारावयास हवे.