मृत्यूचे कारण

रहस्यकथेविषयी गंभीरपणे लिहायचे म्हटले की मराठी समीक्षक थोडासा ओशाळतो. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय आणि झुंजार माझ्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचला, आणि पुढे चारचौघांत वाङ्मयाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांचे नाव सोयिस्करपणे गाळले. हा कृतघ्नपणा मीही केला आहे. आज तो बाजूला ठेवून एका लेखिकेविषयी लिहावयाचे आहे. तिच्या रहस्यकथांनी मला माझ्याच हातच्या एका जुन्या नोंदीपाशी आणून उभे केले, हे त्याचे कारण.

डॉ. कल्पना स्वामीनाथन या मुंबईच्या शल्यविशारद. लिहितात इंग्रजीत. त्यांची 'द पेज थ्री मर्डर्स' ही कादंबरी २००६ साली आली. मी ती वाचली चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, भोसरी ते मोशी या टापूत रोज होणाऱ्या वाहतुकीच्या कोंडीच्या कृपेने. त्यानंतर 'द गार्डनर्स साँग', 'द मोनोक्रोम मॅडोना' आणि निवृत्तीनंतर २०१७ ची 'ग्रीनलाइट'. या साऱ्या पुस्तकांची नायिका लल्ली. वय त्रेसष्ट, पोलिसांतून निवृत्त, मुक्काम विलेपार्ले. तिच्या हकिकती सांगते तिची भाची सीता. पोलिसांचे सारे उपाय थकले की ते लल्लीकडे येतात.

डॉक्टर रहस्यकथा लिहू लागला की त्याला विषांची माहिती असते, म्हणून त्याच्या कथा सरस उतरतात, असा एक समज आहे. मला तो खरा वाटत नाही. विषांची माहिती अगाथा ख्रिस्तीलाही भरपूर होती. पहिल्या महायुद्धात ती औषधे तयार करण्याच्या कामावर होती, तेवढ्यावर तिचे भागले. डॉक्टरापाशी असते ती निराळीच गोष्ट, आणि ती एका रुक्ष सरकारी कागदावर पाहायला मिळते. मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र ज्याने पाहिले असेल त्याला ठाऊक असेल की त्यात कारणासाठी एकच ओळ नसते. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि त्याच्याही खाली मूळ कारण. 'हृदय बंद पडले' एवढे लिहून डॉक्टराची सुटका होत नाही. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच बंद पडते. त्याला एकेक पायरी खाली उतरावे लागते.

बहुतेक रहस्यकथा वरच्याच ओळीवर थांबतात. सुरा कोणी खुपसला हे कळले की दिवा मालवून वाचक झोपी जातो. आर्थर कॉनन डॉयल हा या घराण्याचा मूळ पुरुष आणि स्वतः डॉक्टर. एडिंबरोच्या जोसेफ बेल या आपल्या गुरूची, रोग्याकडे नुसते पाहून त्याचा व्यवसाय ओळखण्याची हातोटी त्याने उचलली आणि १८८७ साली शेरलॉक होम्स वाचकांपुढे आणला. होम्सच्या त्या चमत्कारांवर मी अजूनही लुब्ध आहे. परंतु बेलसमोर बसलेला रोगी होम्सच्या खोलीत येईपर्यंत नुसता पुरावा होऊन जातो. त्याच्या बुटांचा चिखल आपल्याला आठवतो, त्याचा चेहरा आठवत नाही.

तो चेहरा डॉयलला पुन्हा दिसला, पण कथेबाहेर. जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाला इंग्लंडात १९०३ साली रात्रीच्या अंधारात जनावरावर शस्त्र चालविल्याच्या आरोपाखाली सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. तीन वर्षांनी सुटून आलेला एडलजी डॉयलला भेटायला एका हॉटेलात आला आणि वर्तमानपत्र डोळ्यांना जवळजवळ भिडवून वाचीत बसला. डॉयल नेत्रविद्या शिकलेला. त्याला दुरूनच कळले की हा माणूस काळोखात शेते तुडवीत जाऊन असले कृत्य करूच शकणार नाही. १९०७ साली त्याने वर्तमानपत्रातून एवढे रान उठवले की सरकारला एडलजीला माफी द्यावी लागली, भरपाई मात्र दिली नाही. होम्सच्या कोणत्याही कथेपेक्षा डॉयलमधला डॉक्टर मला इथे मोठा वाटतो.

जे डॉयलला कथेबाहेर साधले, ते स्वामीनाथनबाईंना कथेच्या आत साधले आहे. 'द गार्डनर्स साँग'मधला राव शेजाऱ्यांच्या भानगडींत नाक खुपसणारा, कुणालाच नको असलेला. तो मरतो तेव्हा खुनी एखादा असेल, पण त्या मरणाची मुळे साऱ्या इमारतीच्या भिंतींतून गेलेली दिसतात. 'ग्रीनलाइट'मध्ये झोपडपट्टीतली मुले नाहीशी होतात. तिथे प्रश्न राक्षस कोण एवढाच राहत नाही. इतके दिवस कुणाचे लक्ष कसे गेले नाही, हा दुसऱ्या ओळीतला प्रश्न वाचकाच्या मानेवर बसतो. डॉ. इशरत सय्यद यांच्यासह 'कल्पिश रत्न' या जोडनावाने त्यांनी २०१५ साली लिहिलेले 'रूम ०००' हे मुंबईच्या १८९६ च्या प्लेगवरचे पुस्तकही मी याच मालिकेत बसवीन. खुनाचा तपास आणि साथीचा तपास यांत या लेखिकेला फारसा भेद वाटत नसावा.

दोष नाहीत असे नाही. लल्ली फारशी चुकत नाही, आणि न चुकणारा माणूस कादंबरीत दुरून पूज्य वाटतो, जवळचा होत नाही. शब्दांचा सोस कधीकधी कथेचा पाय अडवतो. आणि पार्ल्यातली ही माणसे इंग्रजीत बोलताना ऐकली की मराठी वाचक म्हणून मला थोडा मत्सर वाटतो. आमच्याकडे डॉक्टरांनी लिहिले नाही असे नाही. अरुण लिमये यांचे 'क्लोरोफॉर्म' आहे, रवी बापटांचे 'वॉर्ड नं. पाच, केईएम' आहे. पण ही आत्मकथने. खालच्या ओळीपर्यंत उतरणारी रहस्यकथा मात्र मला मराठीत अजून भेटायची आहे.

आता ती नोंद. चाकणला जाण्यापूर्वी मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. अपघाताची वही माझ्याकडे असे. तिसऱ्या पाळीत पॉवर प्रेसवर एका कंत्राटी पोराची उजव्या हाताची दोन बोटे गेली. वहीत 'कारण' या मथळ्याखाली एकच रकाना होता. मी लिहिले, 'कामगाराची बेसावधता.' अक्षर सुरेख होते. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणे दाबावी लागतात, ती हात वाचावेत म्हणूनच. त्यातले एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचे दाबून ठेवले होते, कारण तसे केले की तासाला जास्त नग निघत. पोरगा सलग दुसरी पाळी करीत होता. यंत्राला आडोसा हवा असे १९४८ चा कारखाना कायदा तेव्हा सांगत असे. हे सारे मला ठाऊक होते. मला कुणी खोटे लिहायला सांगितले नव्हते. मी फक्त वरची ओळ लिहून थांबलो.

'ग्रीनलाइट' मिटल्यावर त्या रात्री मला ती पाचर आठवली. बाभळीची होती, आणि हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. म्हणजे ती त्या रात्री ठोकलेली नव्हती. एवढे निरीक्षण करायला होम्सची गरज नव्हती. त्या रकान्याखाली आणखी दोन ओळी आखायला मात्र कोणीतरी हवे होते, आणि पट्टी माझ्याच टेबलावर होती.