प्रस्तावनेतील विनय व निबंधातील निर्भयता

जानेफळ ज्या जिल्ह्यात आहे त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास छापला गेला. प्रस्तावनेत त्या आपले बुद्धिसामर्थ्य अल्प असल्याचे व घरातील बंधनांचे सांगतात. हा केवळ रूढ विनय नव्हे. लोकनिंदेची जाणीव तीत स्पष्ट आहे. मूळ निबंधात मात्र निवाडा करणाऱ्या पुरुषांचाच निवाडा होतो. भय सरल्यावर लेखन झाले असे नव्हे, लेखनाच्या ओघात भय मागे पडले. टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. हाही निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. सारांश, लेखकाचे धैर्य टिकविणे हे वाचकसमाजाचेही कर्तव्य होय.