धाराशिवच्या कानांनी ऐकलेले अमीन सयानी

रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले ते २० फेब्रुवारी २०२४ ला. त्या आठवड्यात त्यांच्याविषयी जे जे छापून आलं त्यात ‘मखमली’, ‘मधाळ’ ही विशेषणं पुन्हा पुन्हा भेटली. ती खोटी नाहीत. पण गोड गळ्याचे निवेदक त्या काळात आणखीही होते आणि त्यांची नावं आज आठवून सांगावी लागतात. माझ्या मते सयानींचं मोठेपण गळ्यात कमी आणि लेखणीत जास्त आहे. ते काय बोलत, कोणत्या क्रमाने बोलत, कुठे थांबत, कोणता शब्द टाळत, हे लक्ष देऊन ऐकलं की हा माणूस आधी लेखक होता हे उमगतं. आणि ते उमगायला धाराशिव जिल्ह्याचे कान फार उपयोगी पडतात.

सयानींचा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झाला. तेव्हा हा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्रच व्हायचा होता. धाराशिवचं तेव्हाचं नाव उस्मानाबाद, आणि तो हैदराबाद राज्यातला जिल्हा. निजामाची राजवट संपून चार वर्षं झाली होती, तरी कचेरीतली आणि शाळेत शिकलेली उर्दू लोकांच्या जिभेवर होतीच. घरात मराठी बोलणारी आणि अर्ज मात्र उर्दूत लिहिणारी पिढी इथे अगदी अलीकडेपर्यंत हयात होती. बाजारात दखनी, उमरग्याकडे गेलं की कन्नड, नळदुर्गावरून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याने तेलुगूही दूर नाही. शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस भरतो तेव्हा एकाच माणसाच्या बोलण्यात दोन-तीन भाषा सहज येऊन जातात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कागदावरची भाषा बदलली, पण कान इतक्या लवकर बदलत नाहीत. या कानांना आकाशवाणीची त्या वेळची संस्कृतप्रचुर हिंदी लांबची वाटे, आणि खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईची पुस्तकी मराठीही. सिलोनवरून मात्र दर बुधवारी रात्री आठला एक असा माणूस बोलायला येई, की ज्याची बोली ऐकून इथल्या माणसाला आपण कमी शिकलेले आहोत असं वाटत नसे.

हे सिलोनवरून का ऐकावं लागे, तेही सांगायला हवं. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले, संगीताचा व्यासंग असलेले गृहस्थ. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची ठाम समजूत होती आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. आकाशवाणीचं संगीत संमेलन त्यांच्याच काळात १९५४ ला सुरू झालं, शास्त्रीय गायक-वादकांना त्याने देशभरचा श्रोता मिळवून दिला. पण लोकांना काय आवडावं हे दिल्लीत बसून ठरवता येतं, या त्यांच्या समजुतीला उत्तर मिळालं ते कोलंबोहून. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेलं तिथलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर रेडिओ सिलोनकडे आलं होतं. मुंबईत ध्वनिमुद्रण करायचं, फिती विमानाने कोलंबोला पाठवायच्या आणि तिथून लघुलहरींवर अख्ख्या हिंदुस्थानाने त्या ऐकायच्या, असा हा उलटा प्रवास. १९५७ ला ‘विविध भारती’ काढावी लागली त्यामागे या प्रवासाचाच रेटा होता.

सयानी या कामाला कसे आले ही हकिगत त्यांनी अनेकदा सांगितली आहे आणि ती रसग्रहणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २१ डिसेंबर १९३२ ला मुंबईत जन्म, घरची भाषा गुजराती, थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजी निवेदनातलं मोठं नाव. अमीनही लहानपणापासून आकाशवाणीवर इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेत. हिंदी निवेदनाच्या चाचणीत मात्र ते नापास झाले. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे असं कारण मिळालं. मग हमीदभाईंच्या सांगण्यावरून रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांची मुद्रणं ऐकत बसणं सुरू झालं. एकदा ‘ओव्हल्टीन फुलवारी’चा निवेदक आला नाही, निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी समोर बसलेल्या या मुलाला उभं केलं. मोबदला काय, तर ओव्हल्टीनचा एक छोटा डबा. ‘गीतमाला’चे आठवड्याला २५ रुपये मिळत, त्यात संहिता लिहिणं, निवेदन करणं आणि श्रोत्यांची पत्रं वाचणं हे सगळं आलं. इतक्या पैशांत ते काम करायला अनुभवी माणसं तयार नव्हती, म्हणून ते विशीतल्या पोराकडे आलं.

म्हणजे ज्या हिंदुस्तानीवर लाखो लोक लुब्ध झाले ती या माणसाला आयती मिळालेली नव्हती. ती त्याने कमावली. मात्र त्या कमाईचं भांडवल घरातच होतं, आणि माझ्या लेखी सयानींच्या कारकिर्दीची किल्ली तिथेच आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाचं काम करत. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० पासून त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवलं. नुकतीच अक्षरओळख झालेल्या माणसाला वाचता यावं इतकी सोपी हिंदुस्तानी, आणि तीच भाषा देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीन लहानपणी आईच्या या कामात हाताखाली असे. सोपं लिहिणं किती अवघड असतं हे त्याने माईकपुढे बसण्याच्या किती तरी आधी पाहिलं होतं. कालच वाचायला शिकलेल्या बाईसाठी वाक्य कसं रचायचं? त्यात एकच गोष्ट सांगायची. क्रियापद फार लांब ठेवायचं नाही. जड शब्द टाळायचा, नाहीच टाळता आला तर लगेच पुढे त्याचा हलका सोबती ठेवायचा. आता ‘गीतमाला’चं कुठलंही जुनं मुद्रण लावा. हेच सगळं तिथे ऐकू येईल.

सारेगामाने पुढे ‘गीतमाला की छाँव में’ ही मालिका काढली, तीत सयानींचं निवेदन आहे. ती ऐकताना मी गाणी पुढे सरकवतो आणि फक्त बोलणं ऐकतो. पहिल्यांदा कान थबकतो तो अभिवादनावर. ‘बहनों और भाइयों’ हे शब्द आता इतके सवयीचे झाले आहेत की त्यातला क्रम कुणाच्या ध्यानात येत नाही. सभेत ‘बंधूंनो’ आधी आणि ‘भगिनींनो’ जमलं तर, अशी आपल्याकडची रीत. रेडिओ होता त्या घरात ओट्यावर पुरुषमंडळी बसत आणि बायका आत चुलीपाशी. आतल्या माणसाला आधी हाक मारली जात होती. त्यानंतर सयानी किंचित थांबतात. या थांबण्याची लांबी पाहण्यासारखी आहे: कुणी ‘ओ’ देईल एवढी. मग चाल वाढते.

दुसरी गोष्ट रचनेची. खालच्या क्रमांकापासून वर चढत जाण्याची कल्पना जगभर आहे, तिचं श्रेय सयानींना द्यायचं कारण नाही. श्रेय आहे ते त्या क्रमांकांना माणसं करण्याचं. ते क्रमांक म्हणत नाहीत, ‘पायदान’ म्हणतात. मग गाणं पायरी चढतं, दमतं, दोन आठवडे एकाच जागी बसून राहतं, नव्या गाण्याला वाट देतं. एखाद्या घसरलेल्या गाण्याबद्दल त्यांच्या स्वरात खरी हळहळ येते. तासाभरात एक छोटी कथा उभी राहते आणि बिगुलाच्या सुराशी ती कळसाला पोचते. त्यातच ते संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं गुंफत जातात, माहिती दिल्याचा आव न आणता. १९५३ च्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलेलं गाणं होतं ‘अनारकली’मधलं, लताबाईंनी गायलेलं, आणि संगीत होतं सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. साहिर, शैलेंद्र, मजरूह ही नावं भूम-परंड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी गेली ती पुस्तकांतून नव्हे.

तिसरी गोष्ट लघुलहरींची, आणि याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही. सिलोनचा आवाज सारखा येत नसे. तो लाटेसारखा यायचा आणि जायचा, मध्येच खरखर, मध्येच एखादं परकं केंद्र. अशा वेळी वाक्याचा शेवट खाली टाकणाऱ्या निवेदकाचं निम्मं बोलणं वाया जातं. सयानी वाक्याचा शेवट उचलून धरतात. महत्त्वाचं नाव एकदा सांगून सोडून देत नाहीत, थोड्या वेगळ्या वळणाने पुन्हा आणतात. स्वर स्वच्छ आणि लांबवलेले, कारण खरखरीत व्यंजनं बुडतात, स्वर तरतात. ज्याला नंतरच्या लोकांनी ‘स्टाइल’ म्हणून उचललं ते मुळात दूरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, नीट न लागणाऱ्या रेडिओपुढे बसलेल्या माणसाची काळजी होती. नक्कल करणाऱ्यांनी लांबवलेला स्वर घेतला, वाक्य लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत. खुद्द सयानींच्याही उत्तरकाळात काही ठिकाणी लकब आशयाच्या पुढे धावते, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्याने मान्य करावं.

पत्रांचं प्रकरण तर वेगळं लिहिण्याजोगं आहे. सुरुवातीला ‘गीतमाला’ ही स्पर्धा होती: सात गाणी वाजवायची, ती कोणत्या काळक्रमाने आली हे श्रोत्यांनी ओळखायचं, बक्षीस १०० रुपये. पन्नासएक पत्रं येतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच वेळी ९,००० आली. पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. ती तपासणं अशक्य झालं म्हणून १९५४ पासून दर आठवड्याची गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावायचं ठरलं. क्रम ठरवायला आधी दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीचा आधार घेतला, पण विक्री म्हणजे शहर. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही त्याची आवड कुठून मोजणार? मग गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेतली जाऊ लागली. मला या निर्णयाचं फार मोल वाटतं. रेकॉर्ड विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही गाण्याबद्दल मत असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. झुमरी तिलैय्या हे तेव्हाच्या बिहारमधलं गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला ठाऊक झालं. पोस्टकार्डावर आपल्या गावाचं नाव लिहून धाडणं आणि ते कोलंबोहून ऐकू येण्याची वाट बघणं, हे मराठवाड्यातल्या गावांतही चाललेलं होतं.

मराठीतही या तोडीची माणसं झाली. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी बोलू लागले की ती तिघं शेजारी राहतात असंच वाटे. पण त्यांचं घर मुंबईचं, मध्यमवर्गीय, मराठी होतं. तुळजापूरच्या माणसाला तिथे पाहुणा म्हणून जाता यायचं. सयानींच्या तासाला कुणीच पाहुणा नव्हता, कारण त्या बोलीला एक गाव नव्हतं. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम करत. माडगूळकरांनी गावाची बोली जशीच्या तशी माईकपुढे आणली, सयानींनी सगळ्या गावांना चालेल अशी एक बोली घडवली. दोन्ही वाटा कष्टाच्या, आणि मला दोन्ही प्रिय आहेत.

पुढची कारकीर्द सर्वांना माहीत असलेली. ‘गीतमाला’ १९८९ ला विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. पुढे नव्या शतकाच्या सुरुवातीला ती काही काळ परतली. २००९ ला पद्मश्री मिळाली. ५४,००० हून अधिक कार्यक्रम आणि १९,००० च्या आसपास जाहिराती त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. ‘भूत बंगला’, ‘तीन देवियाँ’ अशा चित्रपटांत ते निवेदक म्हणूनच दिसले. या सगळ्यात मला थांबावंसं वाटतं ते एका कमी बोलल्या गेलेल्या कामापाशी. आकाशवाणीसाठी त्यांनी एचआयव्ही-एड्सवर ‘स्वनाश’ ही १३ भागांची मालिका केली. प्रत्यक्ष घडलेल्या घटना, डॉक्टरांशी आणि समाजसेवकांशी बोलणं असं तिचं स्वरूप. इथे गाणी नव्हती, पायदान नव्हतं, बिगुल नव्हता. ज्या रोगाचं नाव घ्यायला घराघरांत लोक कचरत होते त्याविषयी साध्या माणसाला घाबरवून न सोडता, समजेल असं बोलायचं होतं. चाळीस वर्षं ज्याने ‘बिनाका’ टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी आवाज दिला त्याच्याकडे या कामासाठी लागणारी वाक्यं तयार होती, कारण ती मुळात ‘रहबर’च्या घरातली होती. मालिकेच्या कॅसेट अनेक सामाजिक संस्थांनी आपल्या क्षेत्रकामासाठी घेतल्या.