चाळ कोणाची, दुरुस्ती कोणाची?

आपल्या समीक्षेने चाळीतला शेजारधर्म वाखाणला, घरमालकाकडे क्वचितच पाहिले. ‘बटाट्याची चाळ’मधले (१९५८) रहिवासी भ्रमण मंडळ काढतात, त्यावर आपण हसतो. पण मंडळ काढणाऱ्यांच्या हाती इमारत का नसावी, असे मला विचारावेसे वाटते. मुंबईतल्या २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारनेच बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. भाडेकरूंनी उत्सव, व्यायामशाळा चालवल्या. दुरुस्ती मात्र सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हाती राहिली. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाडेकरूचा मालक झाला. यापुढच्या चाळ-साहित्याने गॅलरीतल्या गप्पांबरोबर लिफ्टच्या खर्चावरची सभाही लिहावी. शेजारधर्माची खरी परीक्षा तिथेच आहे.