जन्म मारुतीचा, कथा अंजनीची

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात चैत्र पौर्णिमेला पहाटे जन्माचे कीर्तन असे. सूर्य उगवायच्या बेताला पाळण्याची दोरी ओढली जाई, फुले उधळली जात आणि हातावर सुंठवडा पडे. बुवा दरवर्षी एकच आख्यान लावत. दशरथाच्या यज्ञातला पायस, कैकेयीचा रुसवा, तिच्या वाट्यावर झडप घालणारी घार आणि डोंगरावर ओंजळ पसरून तपाला बसलेली अंजनी. माझी मावशी या कीर्तनाला कधी चुकली नाही. घार आली की ती पदर सावरून पुढे सरकून बसे.

पुढे तिशीत, नोकरी सांभाळून, शब्दकोश हाताशी धरून मी वाल्मीकिरामायण वाचायला घेतले. संस्कृत शाळेत तीन वर्षे शिकलो होतो, तेवढीच पुंजी. किष्किंधाकांडाच्या अखेरीस पोचलो आणि थबकलो. तिथे घार नव्हती, पायस नव्हता, ओंजळही नव्हती.

प्रसंग समुद्रकाठचा आहे. लंकेला उडी कोणी मारायची या विवंचनेत वानर बसले आहेत आणि हनुमान एकीकडे गप्प आहे. जांबवान त्याला त्याच्या जन्माची हकिगत ऐकवतो. पुंजिकस्थला नावाची अप्सरा शापाने वानरी झाली. ती कुंजराची मुलगी आणि केसरीची बायको अंजना. एकदा मानवी रूप घेऊन ती डोंगरमाथ्यावर फिरत होती. वाऱ्याने तिचे तांबड्या काठांचे पिवळे वस्त्र उडवले, तिला पाहिले आणि मिठी मारली. अंजना दचकली. माझे पातिव्रत्य मोडू पाहणारा हा कोण, असा सवाल तिने केला. वायूने उत्तर दिले की, मी तुला अपाय करीत नाही, मनाने तुझ्याशी एकरूप झालो आहे, तुला पराक्रमी पुत्र होईल. मग ती संतुष्ट झाली आणि तिने गुहेत मुलाला जन्म दिला. जांबवान एवढ्यावर थांबत नाही. तू केसरीचा क्षेत्रज आणि वायूचा औरस पुत्र आहेस, असे तो चारचौघांत सांगतो. सुंदरकांडात हनुमान स्वतःही सीतेला आपली ओळख अशीच करून देतो. त्यात त्याला संकोच वाटत नाही.

मारुतीच्या बालपणाची म्हणून जी गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती याच्या पुढची. सूर्याला फळ समजून घेतलेली झेप, इंद्राचे वज्र, दुखावलेली हनुवटी आणि रुसून थांबलेला वारा. ती इतकी देखणी आहे की तिच्या आधीचे चार श्लोक कोणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या मते सगळ्या जन्मकथेचे मर्म त्या चार श्लोकांत आहे. अंजनेने प्रश्न विचारला होता. पुढच्या प्रत्येक कथाकाराने त्या प्रश्नाचे काय केले, हे पाहिले की त्या कथाकाराची पारख होते.

उत्तरकांडात अगस्त्य ऋषी हीच कथा रामाला सांगतात. बालपणाचा भाग तिथे पुष्कळ वाढला आहे. राहू आला, ऐरावत आला, देवांचे वर आले. आश्रमात धुडगूस घालणाऱ्या पोराला ऋषींनी दिलेला शापही आला. कोणी आठवण करून देईपर्यंत त्याला आपले बळ कळायचे नाही, असा तो शाप. जांबवानाच्या हकिगतीत या शापाचा उल्लेख नाही. आणि वायूची भेट मात्र एका उल्लेखात आटोपली आहे. अंजना फळे आणायला बाहेर जाते, एवढेच तिचे काम. मुलगा मोठा होत गेला आणि आई मुकी झाली.

तिला पुन्हा बोलते केले ते जैन कवींनी. विमलसूरीचे 'पउमचरिय' प्राकृतात आहे, आणि ते प्राकृत आपल्या महाराष्ट्रीच्या घराण्यातले. त्यात वायुदेव नाही. पवनंजय नावाचा विद्याधर राजपुत्र आहे. एका क्षुल्लक गैरसमजातून तो अंजनेला लग्नानंतर वर्षानुवर्षे टाकून देतो. पुढे लढाईवर निघाला असता विरहाने तळमळणारी चक्रवाकी पाहून त्याला पश्चात्ताप होतो, आणि रात्री गुपचूप परत येऊन तो तिला भेटतो. तिला दिवस राहतात. ती खरे सांगते, पण सासू विश्वास ठेवत नाही. तिला घराबाहेर काढतात, माहेरचे दारही उघडत नाही. एका मैत्रिणीच्या सोबतीने ती रानात जाते आणि गुहेत बाळंत होते. मामा विमानातून न्यायला येतो, तेव्हा मूल खाली खडकावर पडते. मुलाला काही होत नाही, खडकाचाच चुरा होतो. वाल्मीकीची अंजना वायूला जाब विचारते. इथे सारे घर अंजनेलाच जाब विचारते. अलौकिकाचा पडदा दूर केल्यावर अशा बाईचे घरोघर काय होते, ते या कवीने नीट पाहिले होते.

आता आपली घार. श्रीधरस्वामींच्या 'रामविजया'त ती आहे, याच धाटणीची कथा 'आनंदरामायणा'तही येते, आणि कीर्तनांतून ती महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे. या कथेत वायू फार तर पायस वाहून नेणारा. मिठी नाही, म्हणून प्रश्नही नाही. शिवाय एकाच पायसामुळे मारुती रामाचा जणू भाऊ ठरतो. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी ठासून सांगितले होते की, ही सोवळी करून घेतलेली कथा आहे, संतकवींनी अडचणीचा भाग गाळला. टाळ्या मिळाल्या. घरी आल्यावर मावशीला सांगितले. ती म्हणाली, "अरे, तुझ्या त्या पोथीत तिला पोर हवं होतं का, हे कोणी विचारलं? आमच्या गोष्टीत तिनं मागितलं, म्हणून मिळालं."

मावशीला मूल नव्हते. त्यावरून सासरी तिने काय ऐकले, ते आम्हाला ठाऊक होते. घार आली की ती पुढे का सरकत असे, ते मला त्या दिवशी कळले. तिचे म्हणणे मी पुन्हा ग्रंथ उघडून पडताळले. ते खरे निघाले. किष्किंधाकांडात पुत्र हा वायूने दिलेला दिलासा आहे. अंजनेने तो मागितलेला नाही. मराठी कथेत तिची इच्छा हेच जन्माचे कारण आहे. तिचा सवाल गेला हे नुकसान खरेच, पण तिची ओंजळ आली ही कमाईसुद्धा खरी. मी फक्त नुकसान मोजले होते.

अलीकडे मात्र वाद वेगळाच चालतो. 2021 साली तिरुमलाच्या देवस्थानाने तिथला अंजनाद्री हे जन्मस्थान असल्याचे जाहीर केले. हंपीजवळच्या अंजनाद्रीचा दावा आधीपासून होताच, आणि 2022 मध्ये नाशिकला याच विषयावर भरलेल्या सभेत वादावादी झाली. जांबवानाच्या हकिगतीत त्या डोंगराला नाव दिलेले नाही. सुंदरकांडात केसरीचा डोंगर माल्यवान आहे, उत्तरकांडात सुमेरू. एका रामायणाचे जिथे एकमत नाही, तिथे सातबारा कोणाच्या नावावर चढवणार?

त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीला मी तीनदा गेलो आहे. पायथ्याला यादवकाळातली पडकी देवळे आहेत, त्यांत जैन मंदिरे आहेत. चढणीवर कातळात कोरलेले जैन लेणे आहे. वर पठारावर अंजनीमातेचे देऊळ. यातून काही सिद्ध होत नाही. पण ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर दोन्ही धर्मांची देवळे आहेत, तिथे उभे राहून मला दोन्ही अंजना आठवतात. वादात डोंगरांची नावे ऐकू येतात, तिचे कोणी बोलत नाही. दक्षिणेत निदान 'आंजनेय' म्हणून देवाला आईच्या नावाने हाक मारतात. आपला 'मारुती' हा शब्द बापाच्या, मरुताच्या नावावरून आलेला.

मावशी आता नाही. जन्माचे कीर्तन अजून होते आणि सुंठवडाही मिळतो. बुवांना माझी एकच विनंती आहे. घारीची गोष्ट सोडू नका. फक्त ती सांगण्याआधी, डोंगरमाथ्यावर वाऱ्याला जाब विचारणारी अंजनाही दोन मिनिटे बोलू द्या. मग खुशाल पाळण्याची दोरी ओढा.